त्यांचं लहानपण, त्यांचं गाणं: मागे राहिलेल्या पेटी, कॅसेटी आणि वहीवरून नोंद कशी करावी

बहात्तरच्या दुष्काळात आईबापाबरोबर खडी फोडायला गेलेली, कामावर मिळणारी सुखडी खाऊन दिवस काढलेली, पुढे नोकरीधंदा सांभाळून रात्री भजनात पेटी वाजवणारी पिढी आता साठी-सत्तरीत आहे, किंवा गेली आहे. त्यांच्या मागे घरात जे उरतं ते बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. एक पेटी, पिशवीभर कॅसेटी, अभंगांची वही, ट्रंकेत शाळेचा दाखला, आणि बायकोच्या डोक्यात त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलेल्या गोष्टी. एवढ्या सामानातून त्यांच्या लहानपणाची आणि गाण्याची पक्की नोंद होऊ शकते. ती त्यांच्या पत्नीने, किंवा तिच्या मदतीने मुलासुनांनी कशी करावी, ते इथे सांगितलं आहे.

क्रम मात्र मोडू नका. पेटी आधी दुरुस्तीला दिलीत तर कॅसेटींचा वेग जुळवायचा आधार जातो. नणंदेशी आधी बोललात तर तुमची स्वतःची आठवण तिच्या आठवणीत मिसळते आणि मग वेगळी काढता येत नाही.

पहिले काही महिने: काही देऊ नका, काही पुसू नका

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असतं आणि वस्तूंना तेव्हाच पाय फुटतात. "दादांची आठवण म्हणून" वही कुणी नेतं, पेटी मंडळाला देऊन टाकावी असं कुणी सुचवतं. हेतू चांगलाच असतो. तरी वर्षश्राद्धापर्यंत पेटी, वही, कॅसेटी आणि कागद यांतलं काहीही घराबाहेर जाऊ देऊ नका. मंडळाला पेटी द्यायचीच असेल तर कॅसेटींचं काम उरकल्यावर द्या.

सगळ्यात आधी हात लावायचा तो त्यांच्या मोबाइलला, कारण सगळ्यात आधी तोच जातो. रिचार्ज थांबला की काही महिन्यांत नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅप खातं १२० दिवस वापरलं गेलं नाही तर साधारणपणे पुसलं जातं. म्हणून रिचार्ज चालू ठेवा, फोन फॉरमॅट करून नातवाला देऊ नका, आणि भजनी मंडळाचा ग्रुप, भावाबहिणींचा ग्रुप, मुलांशी झालेलं बोलणं हे सगळं मीडियासकट एक्स्पोर्ट करून घ्या. आवाजी निरोपांच्या फायली ऑपस प्रकारच्या असतात. त्या आहेत तशाच ठेवा, एमपी३ करायच्या भानगडीत पडू नका. फोनमधल्या नावांच्या यादीत 'बुवा', 'भजन', 'पेटी', 'पखवाज', 'तबला' असे शब्द शोधा. कुणाकुणाशी बोलायला हवं याची निम्मी यादी तिथेच मिळते. जुनी भिंतीवरची कॅलेंडरं असतील तर तीही रद्दीत घालू नका. दुधाच्या हिशेबाशेजारी भजनाचे कार्यक्रम लिहिलेले सापडतात.

आधी तुमचं

इतरांना विचारण्याआधी तुम्हाला जे माहीत आहे ते उतरवून घ्या. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर बोला. एका वेळी वीस मिनिटं पुरे. त्यापुढे माणूस थकतो आणि गोष्टी आटोपत्या घेतो. काळाच्या क्रमाने सांगायचा अट्टहास नको, आठवेल तसं सांगा.

प्रत्येक गोष्टीमागे ती कुठून आली ते मात्र नोंदवा: त्यांनी स्वतः सांगितली, सासूबाईंकडून ऐकली, की तुम्ही डोळ्यांनी पाहिली. ही खूण आज फालतू वाटेल, पण दहा वर्षांनी मुलं वाचतील तेव्हा सगळं एका पातळीवर आलेलं असेल आणि खरं-ऐकीव वेगळं करता येणार नाही. त्यांचे शब्द बदलू नका. ते 'कोरड्यास' म्हणत असतील तर 'कोरड्यास'च लिहा, त्याची आमटी करू नका. एखादी गोष्ट त्यांनी दोन वेळा दोन तऱ्हेने सांगितली असेल तर दोन्ही लिहा.

कागद काय सांगतात

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी धरू नका. नाव घालायला आलेल्या मुलाची तारीख घरच्यांना सांगता येत नसे, मग गुरुजी जून महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळे होत. खरी तारीख शोधायची तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचा जुना जन्म-मृत्यू रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४ किंवा लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक, पाहावं लागतं. अर्जात गावाचं नाव, वडिलांचं पूर्ण नाव आणि अंदाजे तीन-चार वर्षांचा पट्टा द्या. एकच वर्ष दिलंत तर 'नोंद आढळत नाही' असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. तिथे बाळाचं नाव नसून नुसता 'मुलगा' एवढंच असतं, त्यामुळे वडिलांच्या आणि आजोबांच्या नावावरूनच ओळखावं लागतं.

शाळेचं जनरल रजिस्टर त्याहून बोलकं. त्यात आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण असतं. एक शाळा सोडल्याची आणि दुसरीत दाखल झाल्याची तारीख जुळवून पाहा. मधे वर्ष-दीड वर्षाची फट असेल तर त्या काळात मूल कुठेतरी कामाला होतं असं समजून पुढच्या माणसांना विचारा: दुष्काळी कामावर, ऊसतोडीला, की कुणाच्या गुरांमागे. साताऱ्या-सांगलीकडची मुलं रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात 'कमवा आणि शिका'वर शिकली असतील तर त्याचा पुरावा याच रजिस्टरात सुरू होतो.

गाण्याचे कागद वेगळे काढा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांची प्रमाणपत्रं असतील तर त्यांवर केंद्र आणि वर्ष असतं. रेडिओ परवान्याचं पुस्तक सापडलं तर जपा. १९८०च्या दशकापर्यंत रेडिओसाठी पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, आणि घरात पहिला रेडिओ कधी आला याचा त्याहून चांगला दाखला नाही.

माणसांशी बोलताना

यादीत वयाने सगळ्यात मोठं माणूस पहिलं घ्या. बहुतेक वेळा ती त्यांची थोरली बहीण असते, आणि लहानपणाचं सगळ्यात जास्त तिलाच माहीत असतं, कारण धाकट्याला कडेवर घेऊन तीच फिरलेली असते.

"लहानपण कसं होतं हो तुमचं?" असं विचारलंत तर "काय सांगायचं, लई हाल काढले" एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. वस्तू विचारा. सरपण कुठून यायचं? मिलोची (दुष्काळात मिळणाऱ्या लाल ज्वारीची) भाकरी थापताना मोडायची का? पाणी कुठून, किती खेपा? शाळेत जाताना पायात काय असायचं? पाटी एकट्याची होती की दोघांत एक? खडीच्या कामावर लहान पोरांना काय काम द्यायचे, आणि पगार कुणाच्या हातात पडायचा? असा एकेक प्रश्न दहा मिनिटं बोलतं करतो. गाण्याचंही तसंच: रेडिओ कुणाच्या घरी होता, चावडीवर की वाण्याच्या दुकानात? बाहेर उभं राहून ऐकू द्यायचे का? पेटीला पहिल्यांदा हात कुठे लागला, देवळात की तमाशाच्या फडात? आणि घरात कुणी आडवं आलं का? पुष्कळ घरांत "गाण्यानं पोट भरतंय का" हे वाक्य ऐकवलेलं असतं. ते कुणी ऐकवलं ते विचारा.

वर्ष विचारू नका, कुणाला आठवत नाही. ठळक घटनेच्या आधी की नंतर, असं विचारा. साताऱ्या-कोल्हापूरकडे कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे), पुण्याकडे पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), मुंबईत गिरण्यांचा संप (१८ जानेवारी १९८२पासून), सगळीकडे दुष्काळ आणि आणीबाणी. "भूकंप झाला तेव्हा हे चालत होते का?" या प्रश्नाला उत्तर मिळतं.

एक गोष्ट हमखास राहून जाते. सामान्य घरात टेपरेकॉर्डर आला तोवर ही मुलं मोठी झाली होती, म्हणून त्यांच्या लहानपणीच्या आवाजाची टेप कुणाकडेच नसते. ते संगीत राहिलंय फक्त माणसांच्या गळ्यात. सासूबाई दळताना ज्या ओव्या म्हणायच्या त्या नणंदेला म्हणायला लावा. नुसत्या सांगायला नको, म्हणायलाच. चाल आणि शब्द एकमेकांना धरून येतात. बोलताना दोन ओळी आठवणारी बाई म्हणायला लागली की आठ-दहा म्हणून जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर गाववार मिळतात. आपल्या भागातल्या दोन-चार आधी ऐकवल्या तर समोरच्या बाईची भीड चेपते.

तांत्रिक बाजू थोडी आहे. फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, फोन टॉवेलच्या घडीवर, तोंडापासून दीड-दोन वितींवर. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये वेव्ह प्रकार निवडा. सुरुवातीला तारीख, गाव, कोण बोलतंय आणि नातं काय, हे मोठ्याने म्हणा. तासाभरापेक्षा जास्त बसवू नका. शेवटी त्यांचं एखादं आवडतं गाणं लावा आणि रेकॉर्डिंग चालूच ठेवा. बरंच महत्त्वाचं तेव्हा निघतं.

काही गोष्टी सांगताना माणूस अडखळतो: दारोदार मागून आणलेलं, सावकाराचं, जातीवरून विहिरीवर झालेलं, वडिलांच्या पिण्याचं. तिथे ढोसू नका. "हे घरातच ठेवायचं का?" असं विचारा आणि उत्तर फाइलीवर नोंदवा.

कॅसेटी

या कामात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे, म्हणून सविस्तर.

आधी कॅसेटी न वाजवता फक्त मांडा आणि प्रत्येकीला क्रमांक द्या. पेठेतून आणलेल्या छापील कॅसेटी बाजूला ठेवा. त्यातली गाणी आज दुसरीकडे मिळतात. पण छापील दिसणाऱ्या कॅसेटीच्या वरच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली असेल तर ती घरगुती समजा: पुसली जाऊ नये म्हणून मोडलेल्या टॅबची खाच बुजवून तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग केलेलं असतं. अशी कॅसेट दोन्ही बाजूंनी अगदी शेवटपर्यंत ऐकावी लागते.

मग पाहणी. काचेतून फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणात, आणि माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटींत हे सर्रास. ती चांगल्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घालू नका, बुरशी पुढच्या कॅसेटीला लागते. बंद डब्यात सिलिका जेलबरोबर दोन आठवडे सुकवा, मग तोंडावर मास्क लावून मऊ ब्रशने झाडा, आणि सगळ्यांत शेवटी वाजवा. तोंडाशी, फितीच्या मागे, पातळ पितळी पत्तीवर नमद्याचा चौकोनी तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज बसका आणि तुटक येतो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर दुसऱ्या टाकाऊ कॅसेटीची पत्ती काढून बसवता येते. स्क्रू नसलेली, चिकटवलेली असेल तर सांध्यावर पातळ पातं घालून हळूहळू उघडायची आणि दोन्ही चकत्या फितीसकट स्क्रूवाल्या खोक्यात घालायच्या. फीत तुटली असेल तर फितीसाठीच मिळणारी जोडपट्टी वापरा. साधी सेलोटेप लावली की तिचा डिंक पाझरतो आणि शेजारची वेढी चिकटतात.

डेक: पंधरा-वीस वर्षं पडून असलेला काढून लगेच कॅसेट घालू नका. आतले रबरी पट्टे वितळून डांबरासारखे झालेले असतात, चाक अडखळतं आणि फीत गुंडाळून खातं. पट्टे बदलून घ्या, मग बिनमोलाची कॅसेट पूर्ण तासभर वाजवून पाहा. बाजारात मिळणारे यूएसबीचे हलके वॉकमन घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. त्यांचा वेग डगमगतो आणि पेटीचा लांब सूर थरथरतो. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी चाक कापसाच्या काडीने पुसा: हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबराला साबणाचं किंचित पाणी. जुन्या फितीचा तपकिरी थर सुटतो, तेव्हा दर चार-पाच कॅसेटींनंतर पुन्हा. प्रत्येक कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली वेढी सुटतात. नव्वद मिनिटांच्या फितीची जाडी साठच्या फितीपेक्षा कमी असते, आणि १२० मिनिटांची तर फारच पातळ, जरा अडली की ताणली जाते. ती हाताने, षटकोनी पेन्सिल घालून फिरवलेली बरी.

जोडणी: डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (डेकचा आवाज लॅपटॉपला देणाऱ्या डबीत), तिथून लॅपटॉपला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट वायर घातली तर आवाज फाटतो, कारण ते भोक क्षीण सिग्नलसाठी केलेलं असतं. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. तासाला साधारण १ जीबी जागा लागते. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहील इतकीच पातळी ठेवा. भजनात गजर आला की एकदम उसळी बसते, म्हणून आधी गजराची जागा शोधून तिथे पातळी लावा. डेकवर डॉल्बीचं (खरखर कमी करणाऱ्या सोयीचं) बटण असेल तर बंद, कारण घरगुती टेपरेकॉर्डरवर बहुधा डॉल्बी नसायचंच.

आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका वाटला की फीत खराब झाली असा निष्कर्ष काढू नका. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकच्या हेडचा कोन वेगळा आहे, एवढंच. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला बारीक स्क्रू असतो. आधीची जागा शाईने खूण करून ठेवा आणि वाजत असताना तो एक-अष्टमांश फेरा इकडे-तिकडे फिरवा. कान टाळांवर ठेवा. टाळ खणखणीत झाले की कोन जुळला. टाळ नसतील तर बोलण्यातला 'स' आणि 'श' ऐका. प्रत्येक कॅसेटीसाठी हे नव्याने करावं लागू शकतं.

आता वेग. त्या काळी देवळात किंवा मांडवात टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरले की यंत्र हळू फिरतं, आणि हळू फिरताना भरलेली फीत आज नीट वेगाने वाजवली की आवाज चढा आणि पोरकट येतो. बायका म्हणतात, "हा यांचा आवाज नाही," आणि त्यांचं बरोबर असतं. इथे पेटी कामाला येते. कॅसेटीवर पेटीचा षड्ज लागला की तो घरातल्या त्याच पेटीवर शोधा. सूर दोन पट्ट्यांच्या अधेमधे पडत असेल तर वेग नक्की चुकलेला आहे. बरोबर एखाद्या पट्टीवर पडला तर घाई नको. समजा ते नेहमी काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी षड्ज धरून) गायचे आणि कॅसेटीवर लगतची पांढरी तीन येते आहे. त्या दिवशी दुसऱ्या बुवांसाठी पट्टी बदललेली असू शकते. मधलं बोलणं ऐका. बोलणंही चढं असेल तरच दुरुस्ती करा. एक पट्टी चढ असेल तर ऑडॅसिटीत वेगाचा गुणक ०.९४४ द्या, एक पट्टी उतार असेल तर १.०५९. फक्त वेग बदला. वेग न बदलता सूर बदलणारी सोय वापरू नका, तिने लय खोटी राहते. कॅसेटीच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटाकडे चढत जाणारं असेल, तर सेल त्या कार्यक्रमातच संपत आले होते. एका गुणकाने ते सुटत नाही, तसंच राहू द्या.

ही सगळी दुरुस्ती नकलेवर. मूळ फाइलीतली खरखर काढायची नाही, कापाकापी करायची नाही. खरखर काढणाऱ्या सोयीने टाळांची चमक आणि पेटीतल्या भात्याचा श्वास दोन्ही जातात. दोन अभंगांच्या मधली खोकल्याची उबळ, "चहा ठेव गं" हे कुणाचं तरी ओरडणं, "काळी दोन घे" हा त्यांचा आवाज, हे तर अजिबात कापू नका. काही घरांत त्यांचा साधा बोलताना आवाज एवढाच शिल्लक असतो. गाणं सुरू होण्याआधी सेकंदभर त्याच गाण्याची पुसट चाहूल येते, तो दोष तुमचा नाही. शेजारच्या वेढ्याची छाप उठलेली असते.

तबकड्या असतील तर एकच सूचना: ७८ फेऱ्यांच्या जुन्या जड तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावलं की पृष्ठभागच विरघळतो. कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि उभ्या ठेवा.

पेटी आणि पखवाज

कॅसेटी संपल्या की पेटी. दुरुस्तीला देण्याआधी डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी पाच-पाच सेकंद वाजवून रेकॉर्ड करा. साडेतीन सप्तकांची पेटी असेल तर ४२ पट्ट्या, दहा मिनिटांचं काम. कारण पेटीवाला सूर लावतो म्हणजे पितळेची रीड (सूर देणारी पातळ जीभ) खरवडतो. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. त्यांच्या हाताखाली ती पेटी जशी बोलत होती, ते नंतर फक्त या रेकॉर्डिंगमध्ये राहील.

पेटीवाल्याला सांगायचं ते एवढंच: भाता बघा, उंदीर-कसर लागलेलं चामडं-कापड बदला, सूर लावू नका. भात्याची परीक्षा घरी होते. सगळ्या खुंट्या आत ढकलून भाता भरा आणि सोडा. कुठलीही पट्टी न दाबता तो दोन-तीन सेकंदांत बसला तर हवा गळते आहे. एखादी पट्टी दाबली नसताना सूर आपोआप चालू राहत असेल तर तिच्याखालची स्प्रिंग सैल झाली आहे किंवा झाकणीखाली कचरा आहे. एखादा सूर मुका असेल तर रीडमध्ये केस किंवा धूळ अडकलेली असते. पातळ कागदाची पट्टी रीडखालून हलकेच सरकवून काढा, रीड बोटाने उचलू नका. ठेवताना भाता बंद करून कडी लावा, आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटं कुणाकडून तरी वाजवून घ्या. न वाजवलेल्या पेटीची पट्टी पावसाळ्यात फुगून अडकते.

पखवाज असेल तर धुमेवरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, वाळलेली कणीक ओल्या फडक्याने आधी काढा. तीच उंदराला बोलावते. तबला-पखवाज वर्षानुवर्षं चढवलेल्या स्थितीत ठेवू नका, गट्टे खाली ठोकून वाद्या सैल करा. पुडीवरच्या काळ्या शाईला पाणी लागू देऊ नका.

वही

वहीला लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, आणि 'नीट' करायला पानं सुटी करणं तर नकोच. मुखपृष्ठापासून कोऱ्या पानांपर्यंत, मधे खोचलेल्या चिठ्ठ्यांसकट, आहे त्या क्रमाने स्कॅन करा: शाईला ३०० डीपीआय, पेन्सिलीला ६००. मोबाइलवर करायचं तर खिडकीजवळ, फ्लॅश न मारता, पानावर सरळ वरून.

अभंगाच्या डोक्यावर राग, ताल आणि पुष्कळदा 'चाल:' म्हणून एखाद्या नाट्यपदाचा किंवा सिनेमागीताचा मुखडा लिहिलेला असतो. त्यावर लक्ष द्या. त्या वयात ते रेडिओवर काय ऐकत होते याची ही यादीच असते. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली, तेव्हा वहीतल्या सिनेमाच्या चालींची वर्षं शोधून मांडली की कुठल्या सालापासून त्यांच्या कानावर काय पडत होतं ते दिसतं.

स्वरलिपी असेल तर कुठली ते आधी ठरवा, नाहीतर नातवंडं चुकीच्या सप्तकात वाजवतील. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब. पलुस्कर पद्धतीत कोमल स्वराला पाय मोडल्यासारखी खूण, मंद्राला वर टिंब आणि तारला वर उभी रेघ. वरचं टिंब एकीकडे तार, दुसरीकडे मंद्र.

लिहून काढताना

दहा-बारा पानं पुरतात. "परिस्थिती अत्यंत हलाखीची होती" या वाक्याने काहीही कळत नाही, ते काढा. "पायात पहिली चप्पल नववीत, तीही थोरल्या भावाची, टाचेकडे चिंधी कोंबून" असं मिळालं असेल तर तेच ठेवा आणि पुढे त्यावर भाष्य करू नका. वर्षांपेक्षा जागांनुसार मांडणी सोपी जाते: गावचं घर, दुष्काळी काम, शाळा, देऊळ, शहरातली खोली. प्रत्येक गोष्टीपुढे ती ज्या रेकॉर्डिंगमध्ये आहे त्याचा क्रमांक टाका. दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील तर दोन्ही नावानिशी द्या. नणंद म्हणते पेटी मामाने दिली, दीर म्हणतात जत्रेत कर्जाने घेतली: बसू द्या शेजारी शेजारी. ज्यावर 'घरातच' अशी खूण आहे ते फक्त घरच्या प्रतीत, आणि छापण्याआधी नणंदेला वाचून दाखवा.

ठेवायचं आणि वाटायचं

फायलींची नावं क्रमांक, बाजू, वर्ष, प्रसंग या क्रमाने द्या: '०१२_अ_१९८७_गणपती_भजन'. वर्ष अंदाजे असेल तर पुढे 'सुमारे' घाला. तीन प्रती हव्यात: एक घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या गावात मुलीकडे किंवा दिराकडे, तिसरी क्लाउडवर. पेन ड्राइव्ह ही प्रत मोजू नका. मूळ कॅसेटी फेकू नका. उभ्या, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब ठेवा.

मंडळाची भजनं यूट्यूबवर टाकायची असतील तर टाळकऱ्यांना, निदान गायलेल्या बुवांना, विचारून टाका. रेडिओवरून भरलेली गाणी टाकली की कंपनीचा दावा येतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, आणि गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याहून वेगळा असतो. अशी गाणी घरातच ऐका.

वर्षातून एकदा दोन्ही हार्ड डिस्क काढा, प्रत्येकीतल्या दहा फायली उघडून थोड्या वाजवून पाहा. एक जरी उघडली नाही तर त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून नव्या डिस्कवर सगळं उतरवून घ्या.